पालथी होडी

चिलोएच्या बेटांवर चर्च बांधणारे हात
होडी बांधणारेच असतात.
आमच्या चर्चचं छत आतून बघा:
कण्याला फासळ्या, फासळ्यांना फळ्या,
लोखंडाचा एक खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या.
पालथी घातलेली होडीच.
आजोबांनी बांधलं; कुजलेली पश्चिमेची बाजू मी बदलली
तेव्हा एलादियो दहा वर्षांचा,
खाली उभा राहून खुंट्या वर फेकायचा.
एक माझ्या भुवईला लागली. व्रण आहे अजून.

जुलैत तो शिंपल्यांच्या दोरांकडे गेला.
दुसऱ्या दिवशी सालमनच्या पिंजऱ्यांवरच्या माणसांना
होडी सापडली.
माझ्या हातची. एक सांधा सुटलेला नव्हता.
कोणीतरी म्हणालं, काय होडी बांधलीस रे, रोसामेल,
आणि जीभ चावली.

पाद्रीबाबा आमच्याकडे वर्षातून एकदा येतात, बोटीने.
एरवी बाप्तिस्मा, मयत, सगळं फिस्काल बघतो.
फिस्काल मी. सव्वीस वर्षं
दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी
नऊ-नऊ रात्री जपमाळ सांगितली, घसा बसेपर्यंत,
मग त्यांच्याकडचा गरम रस्सा पिऊन
चिखलातून कंदील घेऊन घरी आलो
आणि गाढ झोपलो.

या वेळी पेटीत स्वेटर होता,
ओर्तेन्सियाने विणलेला, कोपराला ठिगळ.
सहा जणांनी उचलली.
दोघं पुरले असते.

पहिल्या रात्री बोललो. ओठांना पाठच आहे.
दुसऱ्याही.
तिसऱ्या रात्री मान वर गेली
आणि आम्ही कुठे बसलोय ते दिसलं:
पालथ्या होडीच्या आत,
जिथे तो शेवटी होता,
हातभर हवेत,
माझ्या खुंट्या चाचपत.

प्रार्थना 'इच्छा' या शब्दापाशी आली
आणि मी थांबलो.
कोणाची? तुझी?
वादळात उशीवर डोकं ठेवून झोपणारा तू,
त्यांनी हलवलं तेव्हा उठलास.
एलादियोने हाक मारली नसेल?
त्याच्या हाकेने समोरच्या बेटावरची कुत्री भुंकायची.

पाऊस छपरावर वाजत राहिला.
खोकणारे खोकायचे थांबले.
मग मागच्या बाकावरून एदुविना चिगुआय,
जिच्या दोन मुलांसाठी एकाच वर्षात
मीच जपमाळ सांगितली होती,
तिने तो शब्द उचलला, घोगऱ्या, भलत्याच पट्टीत.
मोठ्या श्रद्धेने म्हणाली असं मी सांगणार नाही.
ओंडका वाहताना एकाचा पाय घसरला
की मागचा कसा खांदा घालतो,
तशी म्हणाली.

उरलेल्या रात्री मी तो शब्द म्हटला नाही.
तिथे आलो की गप्प व्हायचो
आणि मागून तो यायचा, दरवेळी थोड्या जास्त गळ्यांतून.
नवव्या रात्री त्यात ओर्तेन्सियाचा होता.
मी तिच्याकडे बघितलं नाही.

आता ऑक्टोबर.
बार्रियांच्या पोराला होडी हवी होती.
दोनदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा लाकूड बघायला गेलो.
वाफेवर फळी वाकवताना
अजून हात मध्येच थांबतो.

सकाळी चर्च उघडतो. घंटेची दोरी ओली असते.
कोणी आलेलं नसतं, तेव्हा बाकावर उताणा पडतो
आणि छत बघतो.
होडी समुद्र पालथी करतो.
हिवाळ्यात आम्हीही करतो, किनाऱ्यावर,
तळाला डांबर द्यायला;
मग तिच्याखाली कोंबड्या शिरतात, पोरं लपतात,
आणि वसंतात ती पुन्हा पाण्यात जाते.
ही कुठली, ते त्याने मला सांगितलेलं नाही.
रोज विचारतो. कधी शिव्या देऊन.
याला प्रार्थना म्हणायचं का,
पाद्रीबाबा आले की विचारीन.

तोवर, घंटा वाजवायला पाच मिनिटं असतात तेव्हा,
त्याला म्हणतो: सरक थोडा.
त्या उशीवर
मलाही डोकं टेकू दे.